अनोळखी रानवृक्षाची ओळख : साल व पान यांच्या आधारे

शेताच्या बांधावर, ओढ्याच्या काठी अथवा माळाच्या कडेला आपोआप वाढलेली झाडे बहुतेक प्रत्येक शेतकऱ्याच्या जमिनीत असतात. त्यांपैकी आंबा, चिंच, बाभूळ, कडुनिंब यांचा परिचय लहान मुलांसही असतो. परंतु कोकण, सह्याद्रीचा पायथा आणि विदर्भाचा पूर्व भाग येथे, ज्यांचे नाव कोणासही खात्रीने सांगता येत नाही अशी कितीतरी झाडे उभी असतात. अशा झाडास ‘जंगली झाड’ एवढेच नाव मिळते आणि बहुधा सरपणाची निकड पडली की त्यावर कुऱ्हाड चालते.

नाव न कळल्याने होणारे नुकसान तीन प्रकारचे असते. पहिले नुकसान पैशाचे. पिढ्यान्‌पिढ्या उत्पन्न देऊ शकणारा मोह किंवा मोलाचे इमारती लाकूड देणारा बिबळा चुलीत जातो. दुसरे नुकसान शरीराचे. बिब्याच्या रसाने अंगावर फोड येतात. काजऱ्याची बी पोटात गेली तर प्राणावर बेतते. तिसरे नुकसान कायद्याचे. झाडे तोडण्याचे नियमन करणाऱ्या महाराष्ट्राच्या १९६४ च्या कायद्याच्या अनुसूचीत सागवान, चंदन, खैर, हिरडा, मोह, बिबळा, ऐन, किंजळ इत्यादी वृक्षांची नावे आहेत. असे झाड स्वतःच्या मालकीच्या जमिनीत असले तरी ते परवानगीवाचून तोडता येत नाही. झाडाचे नाव ठाऊक नव्हते ही सबब अशा वेळी उपयोगी पडत नाही. यास्तव, कुऱ्हाड उचलण्यापूर्वी, पाला कापण्यापूर्वी व साल काढण्यापूर्वी झाडाची ओळख पटविणे हे प्रत्येक शेतकऱ्याच्या हिताचे आहे.

वनस्पतिशास्त्रज्ञ वृक्षाची ओळख मुख्यतः फुलांवरून व फळांवरून ठरवितात. परंतु फुले वर्षातून काही दिवसच असतात आणि उंच झाडावरील फुले हाती लागणे कठीण असते. साल मात्र बाराही महिने डोळ्यांसमोर असते आणि पाने वर्षाचा बराच काळ मिळतात. झाडावर नसली तर बुंध्याखाली पडलेली सापडतात. म्हणून साल व पान यांवरून प्रथम ओळख करावी आणि पुढे फुले-फळे आली म्हणजे ती पक्की करावी, हा मार्ग व्यवहारात सोयीचा ठरतो.

स्थळ व ऋतू यांची नोंद

झाडाजवळ गेल्यावर प्रथम ते कोठे उभे आहे हे पाहावे. काही वृक्ष पाण्याच्या काठी वाढतात, काही कोरड्या खडकाळ उतारावर, तर काही दोन्हीकडे आढळतात. अर्जुन हा प्रामुख्याने नदी-नाल्यांच्या काठचा वृक्ष होय. कांडोळ हा खडकाळ, उघड्या टेकडीवरचा होय. केवळ जागेवरून नाव ठरत नाही, पण विचारात घ्यावयाच्या नावांची संख्या कमी होते.

ऋतूचीही नोंद घ्यावी. फाल्गुन-चैत्रात झाड निष्पर्ण दिसते की हिरवेगार, पालवी कोणत्या महिन्यात येते, कोवळ्या पालवीचा रंग कसा असतो, या गोष्टी पुढे उपयोगी पडतात.

साल कशी पाहावी

सालीचे दोन भाग असतात. बाहेरचा भाग मृत असून तो झाडाचे ऊन, वारा व वणवा यांपासून संरक्षण करतो. आतील भाग जिवंत असून पानांत तयार झालेले अन्न मुळांपर्यंत नेण्याचे काम तो करतो. खोड जाड होत जाते तसतशी बाहेरची मृत साल ताणली जाते. तिला वाढता येत नसल्याने ती तडकते, सोलपटते अथवा गळून पडते. हे तडकणे प्रत्येक जातीत ठरावीक रीतीने होते आणि म्हणूनच साल ही ओळखीची खूण ठरते.

साल पाहताना पुढील गोष्टी क्रमाने पाहाव्यात : रंग कोणता आहे, हात फिरविला असता ती गुळगुळीत लागते की खरखरीत, भेगा उभ्या आहेत, आडव्या आहेत की दोन्ही मिळून चौकटी पडल्या आहेत, पापुद्रे निघतात काय आणि निघाल्यास ते कागदासारखे पातळ आहेत की जाड ढलप्यांसारखे, खोडावर काटे आहेत काय. साल नेहमी पूर्ण वाढलेल्या झाडाच्या बुंध्यावर, छातीएवढ्या उंचीवर पाहावी. कोवळ्या झाडाची व वरच्या फांद्यांची साल बहुधा गुळगुळीत असते. तीवरून जातीची खूण मिळत नाही. शेवाळ किंवा दगडफूल चढलेला भागही टाळावा, कारण त्यामुळे रंगाचा भ्रम होतो.

काही झाडांची खरी खूण सालीच्या आत असते. त्यासाठी कोयत्याच्या टोकाने बोटाच्या पेराएवढी लहानशी खाप घ्यावी व आतील रंग आणि निघणारा रस पाहावा. बिबळ्याच्या सालीला खाप दिली असता लाल रस पाझरतो व तो वाळून डिंकासारखा घट्ट होतो. मोहाच्या सालीतून पांढरा चीक येतो. खाप एकच व उथळ असावी. खोडाभोवती साल गोल काढली गेल्यास मुळांकडे जाणारे अन्न बंद होते आणि झाड वाळून जाते. ओळख करून घेण्याच्या नादात झाडाचा नाश होऊ नये.

पान कसे पाहावे

पानाच्या बाबतीत पहिला प्रश्न असा की, हाती घेतलेले पान हे पूर्ण पान आहे की पानाचा एक भाग आहे? आंबा, वड, मोह यांचे पान साधे असते. चिंच, कडुनिंब, बिबळा यांचे पान संयुक्त असते, म्हणजे एकाच देठावर अनेक पर्णिका असतात. पुष्कळजण एका पर्णिकेसच पान समजतात आणि तेथूनच ओळख चुकते. याची कसोटी सोपी आहे. पान जेथे फांदीस चिकटते त्या बेचक्यात डोळा असतो. पर्णिकेच्या बुडाशी डोळा नसतो. कलम बांधणाऱ्या शेतकऱ्यास डोळा म्हणजे काय हे सांगावयास नको.

दुसरा प्रश्न पानांच्या मांडणीचा. पाने फांदीवर समोरासमोर जोडीने आहेत की एकाआड एक आहेत, अथवा फांदीच्या टोकाशी झुबक्याने आली आहेत, हे पाहावे. त्यानंतर कडा सरळ आहे की दातेरी, टोक अणकुचीदार आहे की बोथट, शिरांची ठेवण कशी आहे, पाठीमागची बाजू लवदार वा पांढरट आहे काय, या गोष्टी पाहाव्यात. काही झाडांच्या पानाच्या बुडाशी अथवा देठावर चामखिळीसारख्या लहान गाठी असतात. त्या सहज लक्षात येत नाहीत, पण त्यांचा उपयोग फार होतो.

साल व पान यांची साक्ष एकत्र का घ्यावी, हे काटेसावर व पांगारा यांवरून समजते. दोहोंच्या सालीवर काटे असतात, दोन्ही झाडे पानगळीनंतर लाल फुलांनी बहरतात. केवळ काटे पाहून नाव घेणारा फसतो. परंतु पांगाऱ्याच्या पानास तीनच पर्णिका असतात, तर काटेसावरीच्या पानास पाच ते सात पर्णिका असून त्या हाताच्या बोटांसारख्या एका बिंदूपासून पसरलेल्या असतात. सालीने उत्पन्न केलेला संशय येथे पानाने फिटतो. उलट, पानाने उत्पन्न केलेला संशय सालीने कसा फिटतो, हे पुढील तीन वृक्षांवरून दिसून येईल.

ऐन, अर्जुन व किंजळ

हे तिन्ही वृक्ष हिरडा व बेहडा यांच्याच कुळातील असून शास्त्रीय वर्गीकरणात त्यांची गणना टर्मिनॅलिया या प्रजातीत होते. तिघांची पाने साधी, लांबट व चिवट असून बहुधा समोरासमोर किंवा किंचित मागेपुढे येतात. पाने शेजारी ठेवली असता अनुभवी माणूसही क्षणभर घोटाळतो. नावांमुळे गोंधळात आणखी भर पडते. अर्जुनाला सादडा म्हणतात आणि काही भागांत ऐनालाही सादडा किंवा साजड म्हणतात.

साल पाहिली म्हणजे मात्र भेद स्पष्ट होतो. ऐनाची साल काळपट राखी असून तीवर उभ्या खोल भेगा व आडव्या चिरा पडून लांबट चौकटी तयार होतात. खोड मगरीच्या पाठीसारखे दिसते. अर्जुनाची साल गुळगुळीत, फिकट राखी किंवा पांढरट, क्वचित हिरवट अथवा गुलाबी झाक असलेली असते. तिचे मोठे, पातळ पापुद्रे निघून पडतात व खाली नवी फिकट साल दिसते. किंजळाची साल गडद तपकिरी व खरखरीत असून तीवर उथळ, उभ्या भेगा असतात. ऐनासारख्या ठळक चौकटी तीत दिसत नाहीत.

आता पानाची साक्ष घ्यावी. ऐनाचे पान उलटे केले असता मधल्या शिरेवर, देठाच्या जवळ, आखूड दांड्यावर बसलेल्या एक-दोन गाठी आढळतात. अर्जुनाच्या गाठी पानाच्या बुडाशी, देठ जेथे पानास मिळतो तेथे असतात. शेवटी फळ पाहावे. ऐन व अर्जुन या दोहोंच्या फळास पाच पंख असतात. मात्र ऐनाचे पंख रुंद व पातळ, तर अर्जुनाचे अरुंद व जाड असतात. किंजळाचे फळ लहान असून त्याचा एक पंख मोठा व दोन लहान असतात. ही तांबूस फळे मोठ्या घोसांनी लागत असल्याने दुरूनही झाड लाल दिसते.

हा भेद जाणण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न पडेल. अर्जुनाची साल आयुर्वेदात औषधी मानली जाते व तिला मागणी असते. ऐनाची साल तिची जागा घेऊ शकत नाही. ऐनाचे लाकूड कठीण व टिकाऊ असून घरबांधणीस उपयोगी पडते. कोकणात भाताच्या रोपवाटिकेतील राब भाजण्यासाठी ऐन व किंजळ यांच्या फांद्या तोडण्याची प्रथा आहे. पूर्व विदर्भातील गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा व गोंदिया या जिल्ह्यांत टसर रेशमाचे किडे ऐन व अर्जुन यांच्याच पाल्यावर पोसले जातात. काठावर अर्जुन असेल तर त्याची मुळे माती धरून ठेवतात व काठ ढासळू देत नाहीत. असे झाड सरपणासाठी तोडणे म्हणजे पुढील पावसाळ्यात शेताची माती ओढ्यास देणे होय.

मोह व बिबा : चिकाची साक्ष

फांदीच्या टोकाशी झुबक्याने येणारी मोठी, साधी पाने ही मोहाची खूण म्हणून सांगितली जाते. ती खरी आहे, पण पुरेशी नाही. बिब्याची पानेही तशीच फांदीच्या टोकाशी दाटीने येतात. दोन्ही झाडे एकाच रानात आढळतात आणि येथील चूक अंगाशी येते.

मोहाचे पान लंबवर्तुळाकार असून बहुधा १० ते २५ सेंटीमीटर लांब असते. देठ तोडला असता पांढरा, दुधासारखा चीक येतो. साल राखी ते काळपट, उथळ उभ्या भेगांची असून आतून तांबडी असते. बिब्याचे पान त्याहून बरेच मोठे, जाड, टोकाशी गोलसर आणि पाठीमागे राखट असते. त्याची साल गडद राखी, खरखरीत असून तिचे लहान, वेडेवाकडे पापुद्रे निघतात. बिब्याचा रस दुधासारखा पांढरा नसतो आणि हवा लागताच तो काळा पडू लागतो. कपड्यांवर न पुसणारी खूण करण्यासाठी परीट बिब्याच्या फळातील रस वापरीत, तो याच गुणामुळे.

हा रस कातडीस लागला असता आग होऊन फोड येतात. यालाच बिबा उतणे म्हणतात. डोळ्यास लागल्यास गंभीर इजा होते. बिब्याच्या लाकडाचा धूरही त्रासदायक असल्याने ते चुलीत घालू नये. यावरून एक महत्त्वाचा नियम निघतो. ज्या झाडाचे नाव ठाऊक नाही त्याचा चीक उघड्या हाताने तपासू नये. पान काडीने किंवा फडक्याने धरून तोडावे, रस दगडावर अथवा कागदावर टिपावा व थोडा वेळ थांबून त्याचा रंग बदलतो काय हे पाहावे. अंगावर रस उडाल्यास तो भाग ताबडतोब साबण व भरपूर पाण्याने धुवावा आणि त्रास वाढल्यास डॉक्टरांकडे जावे.

मात्र हाच बिबा ओळखून सांभाळला तर उपयोगी आहे. त्याच्या बियांतील गोडंबी बाजारात विकली जाते. धोका झाडात असतो त्यापेक्षा अज्ञानात अधिक असतो.

चव घेऊन ओळखू नये

रानातील पाला अथवा फळ जिभेवर ठेवून ओळखण्याची सवय काहींना असते. ती सर्वस्वी सोडावी. कोकणात व सह्याद्रीच्या पायथ्याशी आढळणारा काजरा हे याचे ठळक उदाहरण होय. त्याचे फळ लहान नारिंगासारखे गोल, पिकल्यावर केशरी व आकर्षक दिसते. आतील बिया चपट्या, बटणासारख्या असून त्यांत स्ट्रिकनीन हे तीव्र विष असते. काजरा ओळखणे कठीण नाही. त्याची साल पातळ व राखी असते. पाने साधी, चकचकीत व समोरासमोर असून प्रत्येक पानात बुडापासून तीन ते पाच ठळक शिरा टोकाकडे निघालेल्या दिसतात. ही शिरांची ठेवण मुलांना अवश्य दाखवून ठेवावी.

पांढरा कुडा व काळा कुडा

साल व पान पाहूनही थांबावे लागते, असेही प्रसंग येतात. पांढरा कुडा व काळा कुडा या दोहोंची पाने समोरासमोर येतात, दोहोंतून पांढरा चीक निघतो, दोहोंची फुले पांढरी असतात व दोहोंना लांब शेंगा जोडीने लागतात. आयुर्वेदात आमांशावर कुड्याची साल देतात ती पांढऱ्या कुड्याची. तिच्यात काळ्या कुड्याच्या सालीची भेसळ होते, कारण सुटी साल पाहून फरक सांगणे अवघड असते. पांढऱ्या कुड्याची पाने सामान्यतः मोठी व रुंद, काळ्या कुड्याची लहान व टोकाकडे निमुळती होत जाणारी असतात. काळ्या कुड्याच्या पानांपासून निळा रंग निघतो. तथापि खात्रीची खूण शेंगेची आहे. पांढऱ्या कुड्याच्या जोडशेंगा एकमेकींपासून सुट्या असतात. काळ्या कुड्याच्या कोवळ्या शेंगा टोकाशी जुळलेल्या असतात. साल विकणाऱ्याने अथवा औषधासाठी घेणाऱ्याने शेंग पाहिल्यावाचून निर्णय करू नये.

नमुना कसा घ्यावा

इतके करूनही नाव ठरत नसेल तर नमुना घेऊन जाणकारास दाखवावा. सुटे पान पुरेसे होत नाही, कारण त्यावरून पानांची मांडणी कळत नाही. सुमारे ३० सेंटीमीटर लांबीची, पाने असलेली डहाळी घ्यावी. फुले वा फळे असल्यास तीही घ्यावीत. डहाळी वर्तमानपत्राच्या घड्यांत पसरून वर फळी व दगड ठेवावा. एक-दोन पाने उलटी ठेवावीत, म्हणजे पाठीमागची बाजू दिसते. कागद रोज बदलावेत, अन्यथा बुरशी येते. बुंध्याखाली गळून पडलेला सालीचा ढलपा मिळाल्यास सोबत ठेवावा. चिठ्ठीवर तारीख, गाव, जागा, झाडाची अंदाजे उंची, सालीचा रंग व भेगा, चिकाचा रंग आणि गावातील जुनी माणसे सांगतात ते नाव लिहावे. वाळलेल्या नमुन्यात रंग व चीक टिकत नाहीत. म्हणून ही चिठ्ठी नमुन्याइतकीच मोलाची असते.

मोबाइलवर छायाचित्र घ्यावयाचे असल्यास बुंधा, पानाच्या दोन्ही बाजू व पूर्ण डहाळी यांची निरनिराळी चित्रे घ्यावीत व मापासाठी शेजारी नाणे ठेवावे. छायाचित्रावरून नाव सुचविणारी साधने आता उपलब्ध आहेत. परंतु त्यांनी सुचविलेले नाव हा तपासाचा आरंभ समजावा, निर्णय नव्हे.

नमुना प्रथम गावातील गुराखी, वैदू व वृद्ध स्त्रिया यांना दाखवावा. रानाचे ज्ञान त्यांच्यापाशी पुष्कळ असते. त्यानंतर वनरक्षक, तालुका कृषी अधिकारी अथवा दापोली, राहुरी, अकोला व परभणी येथील कृषी विद्यापीठे यांच्याकडे विचारणा करावी. भारतीय वनस्पति सर्वेक्षण संस्थेचे पश्चिम विभागीय केंद्र पुणे येथे १९५५ पासून आहे व तेथे वाळविलेल्या वनस्पतींचा मोठा संग्रह आहे.

लक्षात ठेवावयाच्या गोष्टी

१. जागा व ऋतू यांची नोंद प्रथम करावी.

२. साल पूर्ण वाढलेल्या झाडाच्या बुंध्यावर, छातीएवढ्या उंचीवर पाहावी.

३. डोळ्याच्या जागेवरून पान साधे की संयुक्त हे ठरवावे. नंतर मांडणी, शिरा व गाठी पाहाव्यात.

४. चीक उघड्या हाताने तपासू नये. कोणताही भाग चाखू नये.

५. खाप एकच व उथळ घ्यावी. साल गोल काढू नये.

६. एका खुणेवर नाव ठरवू नये. सालीची व पानाची साक्ष जुळावी आणि शक्य तेव्हा फळाने तिला दुजोरा द्यावा.

७. नाव पटल्यावरही तोडण्यापूर्वी वन विभागाच्या कार्यालयात परवानगीची चौकशी करावी.

एक मोठे रानझाड तयार होण्यास माणसाच्या आयुष्याएवढा काळ लागतो व ते आडवे करण्यास अर्धा दिवस पुरतो. खुणा जुळेपर्यंत एखादा हंगाम थांबावे लागले तरी त्यात शेतकऱ्याचे काहीच जात नाही. नाव न कळलेले झाड तोपर्यंत उभेच ठेवावे.